दिएगोची नोकरी कुठे गेली?

‘टर्मिनेटर: डार्क फेट’ सुरू होऊन काही मिनिटं होतात न होतात तोच जॉन कॉनर मरतो. साल 1998, देश ग्वाटेमाला, आईसोबत बसलेला पोरगा आणि समोरून चालत येणारा श्वार्झनेगरच्या चेहऱ्याचा यंत्रमानव. ज्याला वाचवण्यासाठी 1984 आणि 1991चे दोन अख्खे चित्रपट खर्ची पडले, तो असा झटक्यात संपतो.

2019 मध्ये फॅन्स भडकले ते इथेच. मग आम्ही इतकी वर्षं जीव मुठीत धरून बसलो ते कशासाठी? हा राग मला पटतो. पण ‘हिरो बदलला म्हणून सिक्वल फसला’ हे पटत नाही. जॉनला चार चित्रपटांत चार चेहरे मिळाले होते: एडवर्ड फर्लाँग, निक स्टाल, ख्रिश्चन बेल, जेसन क्लार्क. 2015च्या भागात तर त्याचा खलनायकच केला.

शिवाय ज्या दुसऱ्या भागाचं आपण सगळे कौतुक करतो, त्यानेही माणसं बदललीच होती. मारायला आलेला यंत्रमानव त्यात रक्षक झाला. पहिल्या भागातली साधी वेट्रेस सेरा इथे मनोरुग्णालयात कोंडलेली. मुलगा परक्यांच्या घरी, आणि आईला वेड लागलंय असं समजणारा. भविष्य माहीत असण्याची किंमत तिने मोजली आणि ती आपल्याला दिसली. म्हणून ही नवी सेरा आपण मानली.

मग डॅनी रामोस का नाही मानली?

मी चाकणला एका बॉडी शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. त्यामुळे डॅनीची ओळख होते तो प्रसंग मी मागे नेऊन तीनदा पाहिला. मेक्सिको सिटीतला मोटारींचा कारखाना. डॅनी आणि तिचा भाऊ दिएगो कामावर येतात, तर लाइनवर त्याच्या जागी रोबोट उभा. डॅनी त्याच्यासाठी सुपरवायझरशी वाद घालते. पस्तीस वर्षांच्या या मालिकेत यंत्र पहिल्यांदाच बंदूक न घेता आलं होतं.

आमच्याकडे ते असंच येतं. क्रेनने उतरतं, नारळ फुटतो, खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार चढतो. वेल्डिंगचे पॉइंट नीट बसलेत का, हे सांगायला जुना वेल्डरच उभा असतो. कंत्राटी पोराला ब्रेक मिळतो, तो खोली सोडून गावाकडे जातो. कुणी कुणाला मारत नाही. निघोजे-महाळुंग्याच्या खोल्यांमध्ये मोबाइलवर हा सिनेमा बघणाऱ्या पोरांना ‘यंत्रं माणसाची जागा घेतील’ हे भविष्य वाटतच नाही.

आणि चित्रपट या प्रसंगाचं काय करतो? काहीच नाही. मिनिटाभरात भविष्यातून आलेला मारेकरी बापाचं रूप घेऊन कारखान्यात शिरतो. महामार्गावरच्या पाठलागात दिएगो मरतो आणि त्याची गेलेली नोकरीही कथेतून कायमची जाते. पुढे डॅनीला कळतं की भविष्यातल्या लढ्याची नेता तीच आहे. भविष्यातल्या एका छोट्या प्रसंगात ती उपाशी, भांडणाऱ्या माणसांना एकत्र आणताना दिसते. प्रसंग चांगला आहे. पण हे तिला कुठून जमलं? भावासाठी साहेबासमोर उभं राहिलेल्या कामगार मुलीपासून या नेत्यापर्यंतचा रस्ता चित्रपटात नाही. मधल्या वेळात ती पळते, बंदूक चालवायला शिकते आणि आपण कोण होणार हे दुसऱ्यांकडून ऐकते. स्कायनेटच्या जागी लीजन, जॉनच्या जागी डॅनी. नाव बदललं, जागा तीच.

काही फॅन्सना नायिका बाई आहे हेच खुपलं. त्यांनी पहिला भाग पुन्हा पाहावा. ही गोष्ट सुरुवातीपासून सेराचीच आहे. लिंडा हॅमिल्टन 28 वर्षांनी परतली, तेव्हा चित्रपटातली सगळ्यात जिवंत व्यक्ती तीच होती. कारण तिच्यामागे इतिहास आहे. डॅनीला इतिहास होता, कारखान्यातला. तो लेखकांनीच पुसला.

म्हणून माझी तक्रार उलटी आहे. हिरो फार बदलला असं मला वाटत नाही, पुरेसा बदलला नाही असं वाटतं. नवी माणसं आणायची तर त्यांची भीतीही सोबत आणावी लागते. डॅनीची भीती होती घरातला एक पगार बंद होण्याची. तिच्यावरून उभा राहिलेला टर्मिनेटर इथल्या पोरांनी शिफ्ट सुटल्यावर जागून पाहिला असता, आणि जॉनच्या मरणाचं दुःखही पचवलं असतं.