टँक म्हणजे नुसता मार खाणारा नव्हे

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये नवखा माणूस टँक निवडतो, तेव्हा त्याला वाटतं, जाड चिलखत घालायचं, ढाल धरायची, बॉससमोर उभं राहायचं आणि मार खायचा. पहिल्याच मोठ्या लढाईत हा समज मोडतो. टँक जिवंत असतो आणि मागे अर्धा गट मरून पडलेला असतो.

२००४ साली आलेल्या मूळ खेळातली ओनिक्सियाच घ्या. ४० जणांनी मिळून मारायची ही ड्रॅगन. तिच्या तोंडासमोर आग. मागे उभं राहिलात तर शेपटीचा असा फटका बसतो की तुम्ही थेट पिल्लांच्या अंड्यांमध्ये जाऊन पडता. म्हणून टँक तिला गुहेच्या टोकाच्या भिंतीकडे नेतो, तिचं तोंड आपल्याकडेच ठेवतो आणि बाकीचे तिच्या दोन्ही कुशींना उभे राहतात. बॉसनं कुठे बघायचं हे ठरवणं, हे टँकचं खरं काम.

पण तिनं टँककडेच का बघावं? खेळ आतून प्रत्येकाच्या नावावर 'थ्रेट'चा हिशेब ठेवतो. घाव घातला की आकडा वाढतो, जखमी साथीदाराला बरं केलं तरी वाढतो. मूळ खेळात जवळून लढणाऱ्याचा आकडा टँकच्या ११० टक्क्यांपुढे गेला, किंवा लांबून मारणाऱ्याचा १३० टक्क्यांपुढे, की बॉस त्याच्याकडे वळतो. त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांनी टँकसाठी थांबायचं. ओनिक्सिया ६५ टक्क्यांवर आकाशात उडते, ४० टक्क्यांवर खाली उतरते. उतरली की पुन्हा थांबायचं. टँक पाय रोवून उभा राहू शकतो, कारण बाकीचे ३९ जण आपला हात आवरतात.

ऑगस्ट २०११मध्ये ब्लिझर्डनं हे गणित बदललं. टँकला आपल्या घावाच्या तिप्पट थ्रेट मिळत असे, तो पाचपट केला. कारण पटण्यासारखं होतं. टँक कच्चा असला की चांगल्या खेळाडूनं हात बांधून बसायचं, यात मजा कसली? पुढे २०१२च्या 'मिस्ट्स ऑफ पँडेरिया'मध्ये टँकला नवं काम मिळालं. 'रेज' साठवायचा आणि मोठा घाव येण्याच्या नेमक्या क्षणी ढाल उचलायची.

खेळायला हे जास्त रंगतदार आहे, हे कबूल. तरी माझी तक्रार आहे. आता टँक मुख्यतः स्वतःचा जीव वाचवत खेळतो. दोन टँकनी आळीपाळीनं बॉस अंगावर घेण्याची सोय शिल्लक आहे, पण ती त्या दोघांपुरतीच. बाकीच्यांना टँककडे बघायचं कारण उरलेलं नाही. घाव झेलताना ढाल चुकली, तर दोष एकट्या टँकचा. पूर्वी बॉस वळला की चूक कोणाची, हे शोधायला सगळ्यांनाच आपापले आकडे तपासावे लागत.

२०१९मध्ये 'क्लासिक' आला आणि लोक जुन्या गुहेत परतले. त्याला निव्वळ आठवणींचा ओढा म्हणणं मला अपुरं वाटतं. तिथे ओनिक्सिया खाली उतरते, तेव्हा हातात सगळ्यात भारी मंत्र तयार असूनही जादूगार तो टाकत नाही. टँकचा आकडा पुढे जाईपर्यंत वाट बघतो. ते काही सेकंद नव्या खेळानं काढून टाकले. माझ्या मते त्याच सेकंदांत टँक आणि गट यांचं नातं होतं.