स्टोमाभोवतीची त्वचा आणि 'डीईटी' गुणांकन : एक चिकित्सा

2010 च्या सुमारास प्रसृत झालेली 'डीईटी' गुणांकन पद्धती स्टोमाभोवतीच्या त्वचेचा रंगबदल, झीज आणि ऊतींची अतिरिक्त वाढ या तीन निकषांवर 0 ते 15 गुण देते. परिचारिकांच्या नोंदींत एकवाक्यता आणण्याचे श्रेय तिला द्यावेच लागेल. तथापि सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तेथे पहिला निकषच डळमळतो. इलिओस्टॉमीतील पातळ, पाचकरसयुक्त मलाने त्वचा सोलवटते, ओलसर त्वचेवर पिशवीची चकती नीट चिकटत नाही, आणि गळतीमुळे त्वचा अधिकच सोलवटते. असा रुग्ण प्रवास टाळतो, पंगतीला जात नाही, रात्री पिशवी चाचपत जागतो. मूळ गुणपत्रकात याला रकानाच नाही. सुधारित आवृत्तीत वेदना, खाज व जळजळ यांविषयीचे रुग्णाचे कथन समाविष्ट झाले, तेही उशिराच. प्रवास आणि पंगत मात्र तीतही आढळत नाहीत.