गतीचे आलेख : वाचन की सूत्रसिद्धी?
(इयत्ता नववीच्या मराठी विज्ञान पाठ्यपुस्तकातील मांडणीची चिकित्सा)

प्रास्ताविक

बालभारतीने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या इयत्ता नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पाठ्यपुस्तकाचा प्रारंभ ‘गतीचे नियम’ या प्रकरणाने होतो. अंतर, विस्थापन, चाल, वेग व त्वरण या संकल्पनांचा परिचय, त्यानंतर आलेख आणि आलेखांच्या साहाय्याने गतिविषयक समीकरणांची सिद्धता असा त्याचा क्रम आहे. अकरावीत यांत्रिकी शिकविणाऱ्या प्राध्यापकापुढे जो विद्यार्थी येऊन बसतो, त्याची गतीविषयीची समज बऱ्याच अंशी अशाच प्रकरणातून घडलेली असते. त्यामुळे ही मांडणी केवळ शालेय शिक्षकांच्या आस्थेचा विषय ठरत नाही. सदर प्रकरणात आलेख हा गती वाचण्याचे साधन म्हणून कमी आणि सूत्र सिद्ध करण्याचे साधन म्हणून अधिक येतो, आणि मराठी परिभाषाही त्या वाचनाला काही ठिकाणी अडथळा करते, असे येथे प्रतिपादन केले आहे. पाठ्यपुस्तकाने वेग-काल आलेखासाठी रेल्वेचे उदाहरण निवडले असल्याने विवेचनासाठीही पुणे-लोणावळा मार्गावरील खडकी स्थानकाचा आधार घेतला आहे.

परिभाषेचा प्रश्न

पाठ्यपुस्तकात ‘चाल’ ही अदिश राशी आहे आणि ‘वेग’ ही सदिश. हा भेद शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु तो विद्यार्थ्याच्या भाषेत नाही. रस्त्यावरील फलकावर ‘वेगमर्यादा’ असे लिहिलेले असते. त्या मर्यादेचा दिशेशी काहीही संबंध नसतो, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या परिभाषेत ती ‘चालमर्यादा’ म्हणावयास हवी. याउलट ‘चाल’ हा शब्द मराठीत गाण्याला असतो, बुद्धिबळातील सोंगटीला असतो आणि फौजेलाही असतो. 5 नोव्हेंबर 1817 रोजी पेशव्यांच्या फौजेने खडकीवर इंग्रजांविरुद्ध जी चाल केली, ती मात्र निश्चितच सदिश होती! ‘गती’ या शब्दाची अवस्थाही अशीच आहे. प्रकरणाच्या शीर्षकात त्याचा अर्थ हालचाल असा आहे, तर ‘कामाला गती द्या’ असे म्हणताना त्याचा अर्थ झपाटा असा होतो.

सर्वाधिक गोंधळ ‘त्वरण’ या शब्दाने होतो. त्वरा, त्वरित या परिचित शब्दांशी त्याचे नाते उघड आहे. म्हणून जे जलद धावते त्याला त्वरण अधिक, असा समज सहज निर्माण होतो. वास्तविक खडकीला न थांबता एकाच वेगाने सरळ रुळांवरून जाणाऱ्या जलद गाडीचे त्वरण शून्य असते, आणि फलाटावरून नुकतीच हललेली, चालत्या माणसालाही धरता येईल अशी लोकल त्वरण घेत असते. हा विरोधाभास एका वाक्यात मांडला असता तरी बरेच काम झाले असते. पारिभाषिक शब्द बदलावेत असे येथे सुचवावयाचे नाही. ते रूढ झाले आहेत आणि नवे शब्दही याच वाटेने जातील. परंतु रोजच्या अर्थाशी होणारा संघर्ष मान्य न करता केवळ व्याख्या दिल्याने विद्यार्थी व्याख्या पाठ करतो आणि विचार मात्र जुन्याच अर्थाने करतो. पुढे इंग्रजी माध्यमात गेल्यावर तो ‘स्पीड’ आणि ‘व्हेलॉसिटी’ हे शब्द नव्याने शिकतो. गोंधळ तोच राहतो, फक्त शब्द बदलतात.

आलेखाचे वाचन

पाठ्यपुस्तकातील रेल्वे ताशी 60 किमी या एकसमान वेगाने सलग 5 तास धावते. तिचा वेग-काल आलेख ही एक आडवी रेषा. ती सुटत नाही, थांबत नाही, स्थानक घेत नाही. आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर, हे दाखविण्यास ती सोयीची आहे हे खरे. पण आयतामध्ये वाचण्यासारखे फारसे काही नसते. त्यापेक्षा याच प्रकरणातील अमर, अकबर व अँथनी यांच्या प्रवासाचे कोष्टक कितीतरी सजीव आहे. तेथे घड्याळातील वेळा आहेत, तिघांची तुलना आहे, आणि एकाच्या अंतरांत नियमितपणा नाही. विद्यार्थ्याला येथे खरोखर प्रश्न पडू शकतो.

लोकलच्या दोन थांब्यांमधील प्रवास कल्पित आकड्यांनी मांडून पाहता येईल. गाडी 40 सेकंदांत 20 मी./से. वेग घेते, त्याच वेगाने 100 सेकंद धावते आणि 25 सेकंदांत थांबते. वेग-काल आलेखावर समलंब चौकोन तयार होतो आणि त्याचे क्षेत्रफळ 2650 मीटर भरते. 165 सेकंदांसाठी सरासरी ताशी सुमारे 58 किमी येते; 30 सेकंदांचा थांबा धरला की तीच सरासरी सुमारे 49 वर उतरते. पाठ्यपुस्तकात समलंब चौकोन येतो तो बिंदूंना अक्षरे देऊन समीकरण सिद्ध करण्यासाठी. येथे तो गाडीच्या सुटण्या-थांबण्यातून येतो, आणि त्याची प्रत्येक बाजू काय सांगते हे विचारता येते. थांब्याच्या 30 सेकंदांत अंतर-काल आलेखावरील रेषा आडवी होते. वेग-काल आलेखावर मात्र आडवी रेषा म्हणजे स्थिर वेगाने धावणे, आणि थांबणे म्हणजे रेषेने अक्षालाच टेकणे. हा फरक ज्याला सांगता येत नाही, त्याने समीकरण बिनचूक सोडविले तरी त्याला आलेख कळला असे म्हणता येत नाही.

मॅक्डरमॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये आणि बाइकनर यांनी 1994 मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या संदर्भात ज्या अडचणी नोंदविल्या, त्यांत रेषेची उंची आणि रेषेचा चढ यांची गल्लत तसेच आलेखाला मार्गाचे चित्र समजणे या प्रमुख आहेत. दुसऱ्या अडचणीवर या लोहमार्गाइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. पुण्याहून मुंबईकडे जाणारी गाडी लोणावळ्यापुढे कर्जतपर्यंत सुमारे 28 किमीमध्ये बोरघाट उतरते. तेथील चढ काही ठिकाणी 37 ला 1 इतका तीव्र आहे. पुण्यापासूनचे अंतर उभ्या अक्षावर घेतले तर अंतर-काल आलेख या उतरणीतही वरच चढत राहतो. आणि घाटात वेगावर कडक निर्बंध असल्याने तो तेथे सौम्य होतो. जमीन जेथे सर्वांत तीव्र, तेथे रेषा मंद. आलेख हे डोंगराचे चित्र नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कसे करावे?

रेल्वेच्या नियंत्रण कक्षात असे आलेख व्यवहारातच वापरले जातात. पूर्वी कागदावर आणि आता संगणकावर, एका अक्षावर स्थानके व दुसऱ्यावर वेळ घेऊन प्रत्येक गाडीची रेषा काढली जाते. तीव्र रेषा म्हणजे जलद गाडी. उलट्या दिशेची गाडी उलट कललेली. तेथील नियंत्रक कोणतेही समीकरण सिद्ध करीत नाही, तो रेषा वाचतो. गणिताच्या इतिहासातही क्रम असाच दिसतो. चौदाव्या शतकात निकोल ओरेम याने बदलत्या वेगाची आकृती काढून तिच्या क्षेत्रफळाचा विचार केला, तेव्हा आजची बैजिक समीकरणे अस्तित्वात नव्हती.

चिन्हांच्या बाबतीत तर सूत्रकेंद्री मांडणीची मर्यादा ठळक होते. वेग कमी होत असेल तर त्वरण ऋण, आणि त्यालाच मंदन म्हणावे, असे शालेय स्तरावर शिकविले जाते. पुणे हा आरंभबिंदू व लोणावळ्याकडील दिशा धन मानली, तर लोणावळ्याहून परतणाऱ्या लोकलचा वेग ऋण असतो. ती खडकीला थांबण्यासाठी ब्रेक लावते तेव्हा तिचे त्वरण धन असते, आणि वेग-काल आलेखावरील रेषा अक्षाच्या खालून वर चढत शून्यावर येते. ‘मंदन म्हणजे ऋण त्वरण’ हे पाठ असलेला विद्यार्थी येथे हमखास चुकतो. आणि या प्रश्नाचे उत्तर त्याला तीनपैकी कोणत्याही समीकरणात सापडत नाही, कारण दिशा कोणती धन मानावयाची हे समीकरणाला हात लावण्यापूर्वीच ठरवावे लागते.