‘मानवनिर्मित’ म्हणजे कोणत्या मानवाने?

‘हवामान पूर्वीही बदलायचंच, मग आताच माणसाला दोष का?’ हा युक्तिवाद तर्काला धरून नाही. वणवा विजेनेही लागतो. म्हणून विडीचं थोटूक निर्दोष ठरत नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. त्या वाढीव कार्बनावर कोळशा-तेलाची खूणही सापडते.

पण दुसरी बाजू ‘मानवनिर्मित’ एवढंच म्हणून मोकळी होते. अहो, कोणता मानव? डहाणूचं ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र मुंबईच्या उपनगरांसाठी वीज करतं. न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने लावून धरलं, तेव्हा तिथे गंधकाचा वायू रोखणारी यंत्रणा बसली. तो वायू चिकूच्या बागांना जाचणारा. कार्बन डायऑक्साइड मात्र अजूनही चिमणीतून सुटतोच. तो जवळच्या कुठल्याच बागेत दिसत नाही.

तलासरीत पावसाच्या भरवशावर भात लावणारा वारली शेतकरी आणि वातानुकूलित घरातला ग्राहक, दोघांना त्या एकाच ‘मानवा’त कसं बसवायचं? कारण कोणतं, हे विज्ञानाने सांगितलं. जबाबदारी कोणाची किती, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागेल.