वैनगंगेच्या काठाने मोगली पाहताना

रुडयार्ड किप्लिंगच्या ‘जंगल बुक’मधला शेरखान हा वाघ राहतो तो वैनगंगेच्या काठी, मोगली या माणसाच्या पोराला वाढवणाऱ्या लांडग्यांच्या गुहेपासून वीसेक मैलांवर. ही नदी सिवनीच्या मुलखात उगम पावते, बालाघाट, गोंदिया, भंडारा असे टप्पे उतरत आपल्याकडे येते, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांमधली सीमा होऊन वाहते, मार्कंडा देवस्थानापाशी उत्तरवाहिनी होते आणि पुढे चपराळ्याच्या अरण्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते. मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या किप्लिंगने हे पुस्तक लिहिले ते अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या हिमात बसून. १८९४ साली त्याचा पहिला भाग आला, १८९५ साली दुसरा. त्यानंतर जगाने ही कथा कितीदा पडद्यावर आणली! पण शेरखान ज्या नदीचे पाणी प्याला, तिच्याच खालच्या अंगाला राहणाऱ्या आपल्याला हे चित्रपट पाहताना एक आनंद अधिकचा मिळतो. तो ओळख पटल्याचा आनंद. बोलणारे अस्वल आणि कायदा सांगणारा लांडगा हे सारे अद्भुतच. परंतु त्या अद्भुताची मुळे जिथे आपल्या परिचयाच्या मातीत शिरलेली दिसतात, तिथे रस दुणावतो.

आधी एका अस्वलाच्या पाठीकडे पाहू. डिस्नेच्या १९६७ सालच्या रंगीत चित्रपटात बल्लू गाता गाता झाडाच्या खोडाला पाठ घासू लागतो. खाज शमत जाते तशी त्याची मान मागे कलते, डोळे मिटू लागतात, सारा देह त्या सुखात विरघळतो, आणि अखेर तो झाडच उपटून घेऊन त्याने पाठ खाजवतो. मुले खदखदून हसतात. आपणही हसतो, पण आपल्या हसण्यात एक खूण पटलेली असते. आपल्या रानातले अस्वल खरोखरच खोडाला अंग घासते. ते वारुळे फोडून वाळवी ओढून घेते, पोळ्यातला मध लुटते आणि चैत्रात पहाटे मोहाच्या झाडाखाली पडलेली फुले वेचायला माणसाच्याही आधी पोहोचते. म्हणून मोह वेचायला जाणाऱ्या बाया झाडाजवळ जाताना मोठ्याने बोलत, हाका मारत जातात; त्यांच्या लेखी अस्वल हा विनोदाचा विषय मुळीच नाही. चित्रकारांनी त्या दांडग्या प्राण्यातले भय काढून घेतले, देहाची ती सैल, डुलती ऐट मात्र जशीच्या तशी ठेवली. वॉल्ट डिस्ने १९६६च्या डिसेंबरात गेले. त्यांनी जातीने लक्ष घातलेला हा शेवटचा चित्रपट. इतके निश्चिंत हसू मागे ठेवून जाणे किती कलावंतांच्या भाग्यी असते?

पुस्तकातला बल्लू मात्र कायदा शिकवणारा गंभीर गुरुजी आहे. पडद्याने त्याला आनंदयात्री केले आणि पुस्तकावर काहीसा अन्यायही केला. त्याच पटातला माकडांचा राजा, लुई हा ओरांगउटान, तर किप्लिंगच्या गावीही नव्हता. भारतात ओरांगउटान नाहीच. गंमत अशी, की २०१६च्या चित्रपटाचा दिग्दर्शक जॉन फॅवरो याला हे खटकले असावे, म्हणून तिथे लुई हा लुप्त झालेल्या एका महाकाय वानराच्या रूपात अवतरतो. एका पिढीची बिनधास्त कल्पना पुढच्या पिढीने भूतकाळातल्या जीवसृष्टीत नेऊन बसवली. रूपांतराच्या कलेतला हा चोरवाटेने केलेला प्रामाणिकपणा मला फार मोहवतो.

आता डोळे मिटून फक्त ऐकू या. नव्वदच्या दशकाच्या आरंभी रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगलीची जी मालिका लागे, ती होती जपानी. बावन्न भागांची ही मालिका १९८९ साली तिकडे सुरू झाली होती. गुलजारांचे शीर्षकगीत आणि विशाल भारद्वाजची चाल यांनी ती अशी काही आपली करून टाकली, की परक्या कुंचल्याने रेखलेले अरण्य हिंदी बोलते याचे कुणाला नवल वाटले नाही. आणि त्या अरण्यात शेरखान बोलू लागला तो नाना पाटेकरांच्या आवाजात. या आवाजाचा आस्वाद सावकाश घ्यावा. त्यात आरडाओरड नाही. शब्दाआधी एक थांबा आहे, शब्दानंतर दुसरा. आणि त्या दोन थांब्यांमध्ये वाघ आहे. ताडोबाच्या वाटेवर चितळाचा किंवा वानराचा ‘कॉल’ आला की गाइड हात वर करतो, जिप्सीचे इंजिन बंद होते आणि सगळे कान होऊन बसतात. वाघ अजून दिसलेला नसतो; पण तो आहे हे त्या शांततेलाच कळलेले असते. नानांनी नेमकी ती शांतता आवाजात आणली. भारद्वाजच्या चालीने मुले पडद्यासमोर येऊन बसत, आणि नानांच्या आवाजाने ती आईला थोडी खेटून बसत. कुटुंबाने एकत्र बसून पाहायच्या गोष्टीचे सारे शास्त्र या दोन हालचालींत आले.

या आवाजाला आपल्या भागात आणखी एक पदर आहे. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ सालापासून उभारलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात अनाथ वन्यजीवांचे गोकुळ वाढले. शिकार होऊन आलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू आमटे यांनी मागून घेतले, तिथून त्याचा आरंभ झाला. पुढे बिबट आले, अस्वले आली, आणि ही सारी माणसांच्या अंगाखांद्यावर वाढली. लांडग्यांनी माणसाचे पोर वाढवल्याची कथा जगाने वाचली. माणसांनी रानाची पोरे वाढवल्याची ही कथा गडचिरोलीने जगून दाखवली. आणि २०१४ साली डॉ. आमटे यांच्या जीवनावरच्या चित्रपटात त्यांची भूमिका केली ती नाना पाटेकरांनीच. दोनच वर्षांनी, २०१६ साली, फॅवरोच्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत तेच नाना पुन्हा शेरखान झाले. बिबट्याला लेकरासारखे वागवणारा माणूस आणि माणसाच्या लेकरावर टपलेला वाघ, दोघेही एकाच गळ्यातून बोलावेत, हा योग पटकथाकाराला सुचला असता तर आपण त्याला अतिशयोक्त म्हटले असते.

या २०१६च्या चित्रपटातल्या एका प्रसंगापाशी मात्र आपल्याला पुष्कळ वेळ थांबायला हवे. पाऊस लांबला आहे, नदी आटत चालली आहे आणि एरवी पाण्याखाली असणारा खडक उघडा पडला आहे. तो दिसला की जंगलात जलसंधी लागू होते: पाण्यावर कुणी कुणाची शिकार करायची नाही. हरणे, गेंडे, रानडुकरे, लांडगे, सारे एकाच काठावर मान खाली घालून पीत आहेत. हा प्रसंग पुस्तकाच्या दुसऱ्या भागातला. तिथे दुष्काळाची पहिली खूण म्हणून मोह फुलत नाही. चंद्रपूरच्या वाचकाला या खुणेची भीती समजावून सांगावी लागत नाही. पारा ४७ अंशांपलीकडे जातो त्या दिवसांत ताडोबाच्या एखाद्या पाणवठ्यावर, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसणाऱ्यांनी हेच दृश्य पाहिलेले असते: आधी सांबर, मग अस्वल, मग रानगवा, आणि प्रत्येकाच्या येण्याजाण्यात कुणी न आखून दिलेला क्रम. आपल्या पाणवठ्यावर संधी नसते, वाघ तिथेही शिकार करतो. तरीही तहानेपुढे सगळ्यांची मान लवते हे सत्य दोन्हीकडे एकच. दिग्दर्शकाने त्यात एक नाजूक तपशील विणला आहे. मोगली वाकून पीत नाही. दोरीला बांधलेल्या भांड्याने तो पाणी वर ओढतो, आणि भोवतीची जनावरे चपापतात. पोराची एवढीशी युक्ती, पण माणूस म्हणजे काय हे त्या चपापण्यात सगळे येते. त्याच क्षणाच्या आसपास शेरखान येतो, वास घेतो, आणि काठ रिकामा होऊ लागतो. चित्रीकरण लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत झाले आणि हे सारे अरण्य संगणकाने घडवले आहे, खरा आहे तो मोगली झालेला नील सेठी हा मुलगा. दृश्यकरामतीचे ऑस्कर चित्रपटाला मिळाले ते योग्यच. परंतु खरी करामत पानापानाच्या रेखाटनात नाही, ती त्या तहानेत आहे.

त्याच चित्रपटातले हत्तीही पाहा. डिस्नेच्या जुन्या पटात ते कवायत करणारे विनोदी सैनिक होते. इथे ते बोलतच नाहीत. बघीरा हा काळा बिबट मोगलीला नमस्कार करायला सांगतो आणि कळप संथपणे पुढे निघून जातो. सगळे बोलत असताना ज्यांनी मौन पाळले, तेच देवतुल्य ठरले. २०२१ साली छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. धानाची नासाडी सोसणाऱ्या शेतकऱ्याला ते मौन जड जाते. पण त्या शेतकऱ्याच्याही मनात भयाशेजारी नमस्कार असतो. चित्रपटाने त्यातला नमस्कार टिपला, भय शेरखानाकडे सोपवले.

शेवटी आग. किप्लिंगची जनावरे जिचे नावही घेत नाहीत, ती आग मोगलीच्या हाती येते. १९६७च्या पटात तिने पेटलेली फांदी तो वाघाच्या शेपटीला बांधतो आणि वाघ पळून जातो. २०१६च्या पटात मशाल घेऊन धावणाऱ्या मोगलीच्या मागे रान पेटत जाते, आपल्या हातून काय झाले ते त्याला दिसते आणि तो मशाल पाण्यात टाकतो. मोहफुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला आणि वणवा हाताबाहेर गेला, हे आपल्याकडे दर उन्हाळ्यात घडते. म्हणून पाण्यात विझणाऱ्या त्या मशालीचा अर्थ इथल्या मुलांना शहरी मुलांहून लवकर कळेल. वाघाशी झुंजताना मरण आलेल्या तारू या गावप्रमुखाला देव मानणारा, त्याच्या नावाने ताडोबा ओळखणारा हा मुलूख आहे. जिंकणारा तोच नायक, असा हट्ट इथे कधी नव्हता.

तेव्हा निवडायचेच झाले तर घरच्या सगळ्यांनी मिळून पाहायला माझी निवड २०१६च्या चित्रपटाची, आणि तोही हिंदी आवाजांत: नानांचा शेरखान, इरफान खानचा बल्लू, ओम पुरींचा बघीरा. लहानग्यांना शेरखानाची धास्ती वाटेल, आपल्या सेन्सॉर मंडळानेही त्याला यू/ए प्रमाणपत्र दिले होते. म्हणून शेजारी बसा. अगदी धाकट्यांसाठी १९६७चा पट आहेच. आणि चित्रपट संपल्यावर मुलांना नकाशा काढून वैनगंगा दाखवा, सिवनीपासून आपल्या गावापर्यंत.