स्फूर्ती, रियाज आणि पाच तारांचा बँजो

तत्त्वज्ञानाच्या माणसानं बँजोवर का बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर असं की ‘स्फूर्ती’ या शब्दाबद्दल आपण फार सैल बोलतो, आणि अमेरिकेतलं ब्लूग्रास हे संगीत या सैलपणाला जागाच देत नाही.

थोडी ओळख करून देतो. केंटकीतल्या बिल मन्रो या मॅन्डोलिनवादकाच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदावरून या संगीताला नाव मिळालं. मॅन्डोलिन, फिडल, गिटार, बँजो आणि बास अशी सगळी तारवाद्यं. डिसेंबर १९४५मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज त्यात बँजो घेऊन आला आणि या संगीताचा चेहरा ठरला. गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये एकेका वाद्याला ‘ब्रेक’ मिळतो, म्हणजे चालीचं एक आवर्तन तुमचं. धून जलद असेल तर पंधरा-वीस सेकंद. आपल्याकडे गवयाला रागात शिरायला अर्धा तास मिळू शकतो. इथे स्फूर्ती जिना चढून वर येईपर्यंत ब्रेक संपलेला असतो आणि फिडलवाला पुढे सरसावलेला असतो!

आता स्क्रग्जची ती प्रसिद्ध गोष्ट घेऊ. दहाएक वर्षांचा असताना भावाशी भांडून तो खोलीत एकटा बसला होता. ‘रूबेन’ नावाची धून वाजवता वाजवता त्याच्या लक्षात आलं, की आपण दोन नव्हे, तीन बोटांनी वाजवतोय. ही हकीकत त्यानं स्वतःच सांगितलेली आहे, तेव्हा तिच्यावर शंका घ्यायचं कारण नाही. माझी तक्रार आहे ती गोष्ट सांगणाऱ्यांच्या कापाकापीबद्दल. ते तेवढा वीज चमकण्याचा क्षण उचलतात. त्या भागात तीन बोटांनी वाजवणारे लोक आधीपासून होते, स्नफी जेन्किन्स होता, आणि त्या मुलाच्या कानावर ते वादन पडत होतं, हे बाजूला राहतं. दुसरी एक गोष्टही बाजूला राहते, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. अर्ल आणि त्याचा भाऊ होरेस एकच धून एकत्र सुरू करायचे आणि वाजवत वाजवत घराच्या दोन बाजूंनी उलट दिशेला चालू लागायचे. पलीकडे भेट झाली की दोघं अजून लयीत बरोबर आहेत का, ते कळायचं. मेट्रोनोम नाही, गुरुजी नाहीत; घराला वळसा घालून केलेला रियाज!

प्लेटोच्या ‘इऑन’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, की कवी किंवा गायक कौशल्यानं बोलत नाही. देवता त्याच्यातून बोलते. लोहचुंबकाला लटकलेल्या कड्यांसारखी ओढ एकातून दुसऱ्यात उतरते. आपल्या भाषेत, अंगात येतं. कल्पना सुंदर आहे, पण शिकणाऱ्याला मारक. कारण मग ज्याच्या अंगात येत नाही त्यानं काय करायचं? साठीला वाद्य हातात घेतलेला माणूस सहा महिन्यांनी ‘माझ्यात ते नाहीच’ म्हणून ते खुंटीला टांगतो, तेव्हा त्याच्या तोंडून हा इऑनच बोलत असतो. मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त जास्त शहाणपणाची भूमिका घेतली आहे. शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही त्यानं तीन वेगळी कारणं मानली नाहीत. तिन्ही मिळून एकच कारण मानलं. व्याकरणातलं एक एकवचन, पण केवढा फरक पडतो बघा. आधी प्रतिभा आणि मग रियाज, असा क्रमच उरत नाही.

बँजोवर हे कसं दिसतं? उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एका ठरावीक क्रमानं फिरत राहतात. याला ‘रोल’ म्हणतात. एका मापात आठ स्वर, आणि बोटं तीन. आठाला तिनानं भाग जात नाही, म्हणून तीन, तीन, दोन अशी विभागणी होते आणि आघात सरकत जातात. आखूड पाचवी तार मधे मधे तोच उंच स्वर देत राहते. या वाहत्या प्रवाहात चालीचे स्वर बरोबर जागी बसवायचे. तबल्याच्या कायद्याशी याचं नातं जवळचं आहे: बोल ठरलेले, पलटे तुमचे. फक्त कायद्यासारखा विस्तार करायला इथे वेळ नाही.

रोलमुळे आणखी एक गोष्ट साधते. उजवा हात बोलत राहतो, तोवर मन ठरवू शकतं की आता काय बोलायचं. गिल्बर्ट राइलचा १९७६चा ‘इम्प्रोव्हायझेशन’ हा निबंध याच वळणाचा आहे. रोजचं साधं संभाषणसुद्धा उत्स्फूर्तच असतं. शिकलेलं भांडार आणि समोरची नवी परिस्थिती यांची तिथे गाठ पडते. उद्या भाजीवाल्याशी काय बोलायचं ते आपण पाठ करून जात नाही, आणि तरी आपली मराठी कुणी आयत्या वेळी आकाशातून टाकत नाही.

१९६८मध्ये स्क्रग्जचं बँजोवरचं पुस्तक आलं. त्यात टॅब्लेचर होतं, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची याची आकड्यांतली लिपी. हजारो लोक त्यावरून शिकले. पण पुढे पुष्कळांनी तो ब्रेक पोथीसारखा पाठ केला आणि तिथेच थांबले. दोष पुस्तकाचा नाही. १९४९चं ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ ऐका: स्क्रग्जचे त्या एकाच ध्वनिमुद्रणातले ब्रेक एकमेकांच्या छापील प्रती नाहीत. पाठ करायचंच असेल तर त्यांच्यातला फरक पाठ करावा.

म्हणून रियाज निवडीचा हवा. आधी चाल गाऊन बघा. गाता येत नसेल तर ती अजून तुमची नाही. मग नुसती चाल, रोलशिवाय. मग तीच चाल दोन वेगळ्या रोलमध्ये. मग एक माप मुद्दाम मोकळं सोडा आणि तिथे दर वेळी काहीतरी दुसरं करा, भले ते सामान्य असो. गती इतकी कमी ठेवा की निवड करायला वेळ मिळेल. बोटांना सवयीनं पळू दिलंत, तर बोटं वाजवतील आणि तुम्ही श्रोते व्हाल.

बेला फ्लेकला बँजोचं वेड लागलं ते लहानपणी टीव्हीवर स्क्रग्जचं वादन ऐकून, एका मालिकेच्या शीर्षकगीतातून. ठिणगी एवढीशीच. त्याच फ्लेकनं २०२३मध्ये झाकिर हुसेन, एडगर मायर आणि राकेश चौरसिया यांच्याबरोबर ‘ॲज वी स्पीक’ केलं, तेव्हा अडचण वेगळीच होती. बँजोचा स्वर छेडताक्षणी विरू लागतो, म्हणून तर रोल लागतो. बासरीचा स्वर श्वास असेपर्यंत टिकतो. माझ्या कानाला त्या अल्बममधल्या उत्तम जागा त्या, जिथे फ्लेक कमी वाजवतो. तयारीच्या वादकाला हे सगळ्यात जड जातं.

बरं, ध्वनिमुद्रण तयार आहे. आधी १९४९चं ऐकू. फिडल ओसरून बँजो परत येतो तिथे कान द्या, आणि पहिल्या ब्रेकपेक्षा काय बदललंय ते मनात टिपून ठेवा. प्रश्न त्यानंतर घेऊ.