अंतराळकथेतला पूर्वपक्ष

आजचा विषय हलका वाटेल, पण आम्ही तो मुद्दाम निवडला आहे. हिवाळ्यात घरी बसून अंतराळाच्या बातम्या, पुस्तकं आणि चित्रपट यांचा आपण आनंद घेतो. त्यातला सकस आनंद कुठला आणि उथळ कुठला, हे ठरवायचं कसं?

आता आमच्या आचोळ्यात थंडी ती केवढी! कपाटातला स्वेटर जेमतेम पंधरा-वीस दिवस बाहेर निघतो. पण डिसेंबरात सहा वाजले की अंधारून येतं, रस्त्यावरच्या धुळीने आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांचा खोकला बळावतो, मग खिडक्या लावून घरात बसणं आलंच. नातवंडांच्या हातात मोबाइल, समोर टीव्ही, उशाशी एखादं पुस्तक. या तिन्ही वाटांनी अंतराळ घरात येतं. तेव्हा तिघांनाही लावता येईल अशी एकच कसोटी आज मांडू.

कसोटी जुनी आहे, आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेतली. आपला सिद्धान्त सांगण्याआधी पूर्वपक्ष मांडावा लागतो. पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आणि तेही त्याच्या सर्वांत बळकट रूपात. पूर्वपक्ष लेचापेचा मांडला तर खंडन सोपं होतं, हे खरं. पण मग सिद्धान्तही लेचापेचाच राहतो. आमचं म्हणणं असं, की अंतराळकथेचा पूर्वपक्ष म्हणजे अपयश. यान का पोहोचणार नाही याची खरी कारणं जी कथा पुढे ठेवते, तीच यान पोहोचल्याचा खरा आनंद देऊ शकते.

बातमीपासून सुरुवात करू. ७ सप्टेंबर २०१९ ची पहाट आठवा. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रापासून २.१ किलोमीटरवर असेपर्यंत सगळं ठीक होतं, त्यानंतर संपर्क तुटला. वाहिन्यांवर आपण काय पाहिलं? अश्रू, सांत्वन, देशाला अभिमान आहे वगैरे. हे माणुसकीचं होतं, त्याला आमची हरकत नाही. पण काय बिघडलं, हे किती जणांनी विचारलं? पुढे २०२३ मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी ते सोप्या शब्दांत सांगितलं. वेग कमी करणाऱ्या पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, त्यामुळे चुका साचत गेल्या. त्या सुधारायला यानाला भराभर वळावं लागलं, आणि वळण्याच्या वेगावर तर मर्यादा घातलेली होती. त्यात उतरायची जागा अवघी ५०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद.

मग चांद्रयान-३ ची रचना करताना त्यांनी प्रश्नच उलटा केला. आधीच्या यानाची रचना यशावर बेतलेली होती. या वेळी काय काय बिघडू शकेल आणि ते बिघडलं तरी यान कसं वाचेल, यावर ती बेतली. जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. पाय भक्कम केले, इंधन वाढवलं, पाचवं इंजिन काढून टाकलं. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ते उतरलं, तेव्हा यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक लोक पाहत होते. बघा हं, म्हणजे अभियंत्यांनी अगदी पूर्वपक्षच मांडला, आणि तोही बळकट. आपण मात्र नुसत्या सिद्धान्ताला टाळ्या वाजवल्या. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात अडखळलं आणि उपग्रह कक्षेत गेला नाही. ती बातमी आपल्यापैकी किती जणांनी शेवटपर्यंत वाचली? हात वर करू नका, मनातच उत्तर द्या.

आता चित्रपट. १५ ऑगस्ट २०१९ ला आलेला 'मिशन मंगल' घराघरांत पाहिला गेला. त्यात पुऱ्या तळण्याचा दाखला आहे. तेल तापलं की गॅस बंद केला तरी काही पुऱ्या तळून निघतात, तसं इंधन वाचवायचं. पुष्कळ समीक्षकांनी त्याची टिंगल केली. आम्हाला तो दाखला आवडला. स्वयंपाकघरातल्या माणसालाही भौतिकशास्त्र आधीपासून ठाऊक असतं, एवढं तरी तो सांगतो. आमची तक्रार वेगळी आहे. या चित्रपटात शंका घेणारा माणूस आहे, नासातून आलेला एक अधिकारी. पण त्याला विदूषक करून टाकलं आहे. तो बोलला की प्रेक्षकांनी हसायचं, आणि शेवटी तो तोंडघशी पडला की आणखी हसायचं. पूर्वपक्ष आहे, पण तो अशा तोंडी घातला आहे की त्याला उत्तर देण्याची गरजच उरू नये.

खरं मंगळयान यापेक्षा कितीतरी रोमहर्षक आहे. ५ नोव्हेंबर २०१३ ला ते निघालं. आपल्या प्रक्षेपकात त्याला थेट मंगळाकडे ढकलण्याएवढी ताकद नव्हती, म्हणून पृथ्वीभोवती घिरट्या घालत कक्षा हळूहळू वाढवायची होती. ११ नोव्हेंबरला एक प्रयत्न तोकडा पडला. जायचं होतं सुमारे एक लाख किलोमीटरपर्यंत, यान पोहोचलं ७८ हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी जास्तीचा धक्का देऊन ती कसर भरून काढली. मग तो सगळा हिवाळा यान प्रवासात होतं आणि त्याचं मुख्य इंजिन निजलेलं होतं. सुमारे ३०० दिवस बंद असलेलं इंजिन पुन्हा पेटेल का? हा खरा पूर्वपक्ष! २२ सप्टेंबर २०१४ ला ते चारच सेकंद पेटवून पाहिलं, आणि २४ तारखेला यान मंगळाच्या कक्षेत गेलं. त्या चार सेकंदांत जे नाट्य आहे, त्याला कुठल्याही खलनायकाची गरज नाही.

याउलट १९९५ चा 'अपोलो १३' घ्या. एप्रिल १९७० मधल्या त्या मोहिमेत प्राणवायूची टाकी फुटली. तिघे अंतराळवीर चांद्रयानाच्या आसऱ्याला गेले, आणि तिथे त्यांच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचू लागला. तो शोषणारे डबे एका यानात चौकोनी, दुसऱ्यात गोल. मग यानात जे सामान होतं तेवढ्यातूनच, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठे, चिकटपट्टी, नळी यांतून जोड तयार करायचा. चित्रपटात अभियंते हे सगळं सामान टेबलावर ओततात. त्या दृश्यात कुणी मूर्ख नाही, कुणी दुष्ट नाही. अडचण खरी आहे आणि सगळे तिच्यासमोर प्रामाणिक आहेत. ते सुखरूप परतले हे आपल्याला आधीच माहीत असतं, तरी श्वास रोखला जातो.

पण हा चित्रपटही टाकीच्या दोषाला शेवटी ओझरता स्पर्श करून पुढे जातो. प्रत्यक्ष चौकशीत निघालं ते असं, की टाकीतल्या तापमान-नियंत्रक खटक्यांची क्षमता २८ व्होल्टची होती, आणि जमिनीवरच्या चाचणीत त्यांना ६५ व्होल्टचा पुरवठा मिळाला. यंत्रणेचा एक भाग बदलला, दुसरा तसाच राहिला, आणि ही विसंगती कुणाच्या नजरेत आली नाही. आपल्या कुठल्याही कचेरीत हे असंच घडतं, नाही का?

आता पुस्तक. मराठीत अंतराळकथा म्हटली की जयंत नारळीकर. २० मे २०२५ ला ते गेले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने; स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नावाच्या वजनाने निकाल लागू नये म्हणून. तिला पहिलं बक्षीस मिळालं. स्वतःच्या लेखनालाही त्यांनी चाचणीला बसवलं, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. समीक्षा म्हणून हेही सांगायला हवं, की त्यांची पात्रं पुष्कळदा पातळ असतात. संवादाच्या जागी छोटी व्याख्यानं येतात, आणि व्याख्यानं कशी असतात ते तुम्हाला आत्ता कळतंच आहे! पण पूर्वपक्षाच्या कसोटीवर ते फार वर उभे राहतात.

त्यांची 'धूमकेतू' ही कथा बघा. कोलकात्यातला एक हौशी आकाशनिरीक्षक थंडीच्या रात्री दुर्बिणीपाशी बसतो, त्याला नवा धूमकेतू सापडतो. पुढे गणित सांगतं की तो पृथ्वीवर आदळेल. शास्त्रज्ञ गुप्तपणे यान पाठवून अण्वस्त्राने त्याची दिशा बदलतात. इकडे त्याच निरीक्षकाच्या घरी धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ होतो. धूमकेतू टळतो. मग प्रश्न उरतो, की टाळला कुणी? यानाने की यज्ञाने? इथे नारळीकर घरच्यांना वेडगळ ठरवत नाहीत. ती प्रेमाची माणसं आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर यज्ञानंतरच संकट टळलेलं आहे. 'मिशन मंगल'मधल्या त्या अधिकाऱ्याच्या शेजारी या कुटुंबाला बसवून बघा, म्हणजे फरक कळेल.

आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं, म्हणून कावळ्याने पाडलं असं होत नाही. पण मग यानाने पाडलं, हे तरी कशावरून? याचं उत्तर कथेत पूर्ण मिळत नाही. ते प्रत्यक्षात मिळालं, ४८ वर्षांनी, त्या पहिल्या कथेपासून मोजली तर. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. हा लघुग्रह एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. आधीच जाहीर केलं होतं, की ही वेळ किमान ७३ सेकंदांनी बदलली तर मोहीम यशस्वी, नाहीतर नाही. वेळ घटली सुमारे ३२ मिनिटांनी. फरक कुठे आहे, लक्षात घ्या. फरक यंत्र मोठं की मंत्र मोठा यात नाही. आपण हरलो हे कशावरून ओळखायचं, ते आधी सांगून ठेवण्यात आहे. चांद्रयान-३ उतरताना देशभर पूजा-प्रार्थना झाल्या. त्यांतली कळकळ खरी होती. पण कुठल्याही प्रार्थनेने आपली ७३ सेकंदं आधी जाहीर केली नव्हती, अभियंत्यांनी केली होती.

आता आमच्याच म्हणण्याचा पूर्वपक्ष मांडू, नाहीतर हे व्याख्यान कसोटीला उतरायचं नाही. कुणी म्हणेल, 'सर, नालासोपाऱ्याहून चर्चगेटला उभ्याने जाऊन-येऊन माणूस दमतो. रात्री घटकाभर करमणूक हवी, देशाबद्दल बरं वाटायला हवं. त्यात बिघडलेल्या इंजिनांचा हिशेब कशाला?' हे म्हणणं खरंच वजनदार आहे. करमणुकीला कमी लेखण्याचं आम्हाला कारण नाही, आणि अभिमानाशिवाय अशा मोहिमांना करदात्याचा पैसाही मिळणार नाही.

उत्तर एवढंच. जो अभिमान फक्त यशावर पोसलेला असतो, तो पहिल्या अपयशाला संतापतो आणि तिसऱ्याला कंटाळतो. मग पैसा आटतो, आणि ज्यांना चुका उघड सांगायच्या असतात त्यांचं तोंडही बंद होतं. मुलांचंही तेच. ज्या मुलाने फक्त टाळ्यांचे क्षण पाहिले, त्याला वहीतलं गणित चुकलं की विज्ञान आपल्यासाठी नाही असं वाटतं. २०१९ ची पहाट आणि २०२३ ची संध्याकाळ या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हे ज्याला कुणी समजावून सांगितलं, तो मूल गणित खोडून पुन्हा करील. आणि करमणुकीचं म्हणाल, तर 'अपोलो १३' पाहताना कुणाला झोप लागलेली आम्ही अजून पाहिली नाही.

तेव्हा या थंडीत नातवंडांबरोबर जे काही बघाल, वाचाल, त्याला दोन प्रश्न विचारा. यात काय बिघडू शकत होतं? आणि बिघडलं असतं तर ते आपल्याला कळलं कसं असतं? पहिल्याचं उत्तर ज्या कृतीत नाही ती विसरली तरी चालेल. दुसऱ्याचंही उत्तर जिच्यात आहे ती जपून ठेवा, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काढता येईल.

इथे थांबतो. आता तुमचे आक्षेप ऐकायचे आहेत; आमच्या बाजूने बोलणाऱ्यांनी कृपया नंतर हात वर करावा.